खाता येईल तेच चिकटव

पोरी, सुट्टीत मुलांना घेऊन शेंडीला येशील तेव्हा आधी त्यांची दप्तरं तपास. फेव्हिकॉल, टाचण्या, चमकी, थर्माकोल असं जे काही निघेल ते उचलून माळ्यावर ठेव. जे शेवटी मुलांच्या तोंडात जाणार आहे, त्यात न खाण्याचा कणसुद्धा असता कामा नये. माझ्या आजेसासूबाईंनी हलव्याचे दागिने गुंफताना मला हेच सांगितलं होतं. पुढे मी बिस्किटांचे किल्ले करायला लागले तेव्हाही हाच नियम धरला. दोरा चालतो, कारण तो दिसतो आणि ओढून काढता येतो. खळ, खिळा, रंगीत कागद नको. पाच वर्षांखालचं मूल "हे शोभेचं, हे खायचं" असा भेद करत नाही आणि आपण त्याच्याकडून तशी अपेक्षाही धरू नये.

दुसरं हवेचं. तू पुण्यात राहतेस, तिथला अंदाज इथे चालायचा नाही. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर इथली भिंतसुद्धा ओली असते. साखर हवेतलं पाणी ओढते, गूळ त्याहून जास्त ओढतो. आषाढात केलेली चिक्की संध्याकाळी हाताला चिकटते आणि दुसऱ्या दिवशी डब्याला. म्हणून साखरेची कलाकुसर कोजागिरीनंतर सुरू करायची आणि महाशिवरात्रीच्या आत आटपायची. दिवाळीचा किल्ला आणि संक्रांतीचा हलवा दोन्ही याच कोरड्या दिवसांत येतात. तरीही त्या दिवसाची हवा पाहायला मिठाची बरणी उघड. मीठ मोकळं असेल तर पाक ठेव, गठ्ठा झाला असेल तर त्या दिवशी लाडू कर आणि किल्ला उद्यावर ढकल. थंडीत गावासमोरच्या धरणावरून धुकं येतं, ते ऊन चढेपर्यंत घरात घुटमळतं. त्यामुळे सकाळी दहाच्या आधी पाकाला हात लावायचा नाही.

साखर मोजताना मुलांना एक गोष्ट सांग, कारण ती त्यांच्या डोळ्यांसमोरची आहे. समोरचं धरण बांधायला १९१० साली सुरुवात झाली आणि १९२६ साली ते पुरं झालं. त्यातून सुटलेलं पाणी प्रवरेतून खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे जातं आणि उसाला मिळतं. त्याच उसावर विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना बरोबर घेऊन लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला. तिथलं गाळप १९५० साली सुरू झालं. म्हणजे आपल्या डोंगरावरचा पाऊसच साखर होऊन परत आपल्या वाटीत येतो. हे ऐकलं की मुलं साखर सांडत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

आता पाक. पाक मोठ्यांनीच करायचा. मुलांनी चुलीपासून चार हात लांब, आणि कढई उचलून नेताना वाटेत कुणी नाही. उकळतं पाणी शंभर अंशांवर असतं, पण चिक्कीचा कडक पाक दीडशेच्या आसपास जातो आणि कातडीला चिकटून बसतो. कुणाला भाजलंच तर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात धर. हळद, तूप, टूथपेस्ट काही लावू नकोस. फोड मोठा असेल तर थेट राजूरला दवाखान्यात ने.

पाकाच्या परीक्षा तुला ठाऊक असतील, पण कशाला कोणता पाक ते सांगते. हलव्याला एकतारी. कुरमुऱ्याचे लाडू वळायला गोळीबंद : थेंब गार पाण्यात टाकला की बोटांत मऊ गोळी होते. बिस्किटाला बिस्किट जोडायचं असेल तर त्याच्याही पुढचा, ज्याचा थेंब पाण्यात टाकून ताटलीवर आपटला की टणकन आवाज येतो. जोडायला दुकानातून चिक्कीचा गूळ माग. साधा गूळ सुटतो, चिक्कीचा धरून ठेवतो. आणि मुलांच्या हातात द्यायचा तो गार चिकटा वेगळा. पिठीसाखर चाळून घे, त्यात लिंबाचा रस थेंब थेंब घालत घोटत राहा. चमचा उलटा केला तरी पडणार नाही इतका घट्ट झाला की थांब. दुधाच्या पिशवीचा कोपरा धुऊन, पुसून, कापून त्यात भर. चार वर्षांचं मूलसुद्धा पिशवी दाबून बडीशेपेची गोळी चिकटवू शकतं. जर्मनीत नाताळात आल्या-मसाल्याच्या बिस्किटांची घरं करतात. तुझ्या मुलांनी ती मोबाईलवर पाहिली आहेत. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या पुस्तकात जंगलातलं खाऊचं घर आलं, तेव्हापासून ती फार लोकप्रिय झाली असं म्हणतात. तिथे अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून चिकटा करतात. कच्चं अंडं लहानांच्या पोटाला नको. आपल्या कामापुरतं लिंबू-साखर घट्ट धरतं.

किल्ल्याला बिस्किटं घरची हवीत, आणि ती नागलीचीच. मैद्याचं बिस्किट पांढुरकं दिसतं. नागलीच्या बिस्किटाला सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा रंग आपोआप येतो, तिथे रंग घालावा लागत नाही. एक वाटी नागलीचं पीठ कोरडंच खमंग भाजून गार कर. त्यात एक वाटी कणीक, पाऊण वाटी पिठीसाखर, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि अर्धी वाटी तूप. खायच्या बिस्किटात तूप जास्त लागतं, बांधायच्या बिस्किटात कमी, नाहीतर भिंत वाकते. सोडा किंवा बेकिंग पावडर अजिबात नको, कारण फुगलेल्या बिस्किटाच्या कडा एकमेकींना भिडत नाहीत. दुधात घट्ट मळून, भाकरीपेक्षा थोडं जाड लाटून सुरीने पट्ट्या काप. ओव्हन असेल तर १६० अंशांवर वीसेक मिनिटं. नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ तापवून, वर ताटली ठेवून, झाकण लावून मंद आचेवर. पूर्वी दिवाळीत नानकटाईचं पीठ डब्यात भरून बेकरीत भाजून आणायचे, तशी ओळखीची बेकरी असेल तर फारच सोपं. गरम असतानाच कडा पुन्हा एकदा सरळ कापून घे. रात्रभर पंख्याखाली ठेवून मगच बांधायला काढ.

किल्ला कोणता करायचा हे मुलांना विचार, पण पहिल्या वर्षी रतनगडच करा असं मी म्हणेन. तो घरातून दिसतो. मुलं बांधता बांधता दारात जाऊन खरा पाहून येतात, आणि ही गोष्ट शिवनेरी-रायगडाच्या चित्रावरून होत नाही. तलावाच्या काठावर मुलांना अर्धा तास बसव. कागद-पेन्सिल देऊन डोंगराची रेघ काढायला लाव. सुळका कुठे, सपाटी कुठे, खाच कुठे, हे त्यांनी ठरवू दे. मग घरी या.

डोंगराचं पोट कुरमुऱ्यांचं. चार वाट्या कुरमुरे, वाटीपेक्षा थोडा कमी गूळ, चमचाभर तूप. कुरमुरे आधी परतून कुरकुरीत कर. पाक घालून उलथण्याने हलव आणि हाताला सोसेल इतकं निवू दे. इथे घाई करायची नाही. पातेल्याच्या कडेचं मिश्रण गार लागतं, मधलं मात्र गरम असतं, म्हणून मध्यभागी आधी तू स्वतः हात घालून पाहा. मग मुलांच्या तळव्यांना तूप चोळ आणि दाबायला सांग. पत्रावळीवर किंवा धुऊन पुसलेल्या केळीच्या पानावर रचा. खाली वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते.

रतनगडाची खरी ओळख म्हणजे माथ्यावरचं नेढं. वाऱ्यानं आरपार कोरलेलं ते भोक इतकं मोठं आहे की माणसं आत बसतात. ते जमलं तर गड जमला. पेल्याला बाहेरून तूप लाव, तो आडवा ठेव आणि त्याच्यावरून मिश्रण दाबत शिखर चढव. कोमट असतानाच पेला फिरवत बाहेर ओढ. पूर्ण गार झाला तर चिकटतो, गरम असताना काढलास तर कमान बसते. हा क्षण साधला की मुलं भोकातून एकमेकांकडे पाहत ओरडतात, त्यांना ओरडू दे. शेजारचा खुट्ट्याचा सुळका राजगिऱ्याच्या चिक्कीचा उभा तुकडा लावून होतो. नागलीच्या पट्ट्यांची तटबंदी कर, पण सगळीकडून नको. खऱ्या गडावर जिथे कडा तुटलेला आहे तिथे तटाची गरजच नाही, आणि ते मुलांना गड पाहूनच कळतं. गणेश, हनुमान, कोकण आणि त्र्यंबक हे चार दरवाजे. मोठ्या नातवाला ते जागच्या जागी नीट लावायचं काम दे. पाण्याची टाकी म्हणजे अंगठ्याने केलेला खळगा, त्यात खडीसाखर. पावसाळा सरताना वर सोनकीची पिवळी फुलं येतात, ती बडीशेपेच्या पिवळ्या गोळ्यांची. गवताला सुक्या खोबऱ्याचा कीस. हिरवा रंग लागलाच तर खाण्याचा, एफएसएसएआयचा शिक्का असलेला, आणि तोही टूथपिकच्या टोकाएवढा. रांगोळीचा किंवा होळीचा रंग घरात त्या दिवशी दिसूसुद्धा देऊ नकोस.

पायथ्याला रतनवाडीचं अमृतेश्वर येतं. त्याला राजूरचे पेढे एकावर एक रचून निमुळते करायचे. हे देऊळ मुलांनी मोडून खायचं नाही. शेवटच्या दिवशी मोठ्या माणसाने पेढे उचलून प्रसाद म्हणून सगळ्यांना द्यायचे, असा आमच्या घरात शिरस्ता आहे. तू तो मोडू नकोस.

धरण करायचं तर ते पार्लेच्या बिस्किटांचं कर. बाजारचीच घे, कारण इथे सगळे तुकडे एका मापाचे लागतात. आपलं धरण दगडी बांधकामाचं आहे. गवंड्याचा नियम मुलांना शिकव : वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. तळाला रुंद, वर निमुळतं. पाणी म्हणून चायना ग्रास. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की निळा रंग उतरतो, त्यात साखर आणि उकळून विरघळवलेलं चायना ग्रास घाल. लिंबू पिळू नकोस, निळ्याचा जांभळा होतो. उलट ते वेगळ्या पेल्यात मुद्दाम करून दाखव, मुलं थक्क होतात. फ्रीज लागत नाही, साध्या गारव्यात ते घट्ट होतं. पण ते वेगळ्या ताटात बसवून शेवटी धरणामागे सरकव. आधी ओतलंस तर बिस्किटं पाणी पिऊन रात्रीत ढासळतात.

मुलांच्या कामात हात घालायचा नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. आयांना तट वाकडा दिसला की बोटं शिवशिवतात. तो वाकडाच राहू दे. धाकट्याला बिस्किटं फडक्यात बांधून लाटण्याने कुटायला दे, त्याचा चुरा वाटांवर मातीसारखा पसरता येतो. मधल्याला चिकटवू दे, मोठ्याला मोजू दे. प्रत्येकाला डोंगराची एक बाजू वाटून दे, म्हणजे भांडण होत नाही. आणि काम सुरू करण्याआधी पोटभर भाकरी खाऊ घाल. भुकेलं मूल बांधत नाही, नुसतं खातं.

संक्रांतीचा हलवा हे याहून जुनं आणि याहून कसाचं काम. त्याला बाजार आहे, डब्यातून तयार मिळतो. पण एक वाटीभर तरी घरी कर, मुलांना काटा येताना पाहू दे. तीळ, भाजलेली खसखस, साबुदाणा, वेलदोड्याचे दाणे किंवा डाळं, यातलं काहीही आत घालता येतं. पहिल्यांदा साबुदाणा घे, तो गोल असतो आणि काटा सगळीकडून सारखा येतो. साखरेत निम्मं पाणी घालून उकळ. उकळी आली की चमचाभर दूध घाल, मळी वर येते, ती काढून पाक फडक्यातून गाळ. हलवा पांढराशुभ्र होतो तो याच पायरीमुळे, ही वगळलीस तर पिवळट राहतो. परात अगदी मंद निखाऱ्यावर ठेव. साबुदाण्यावर अर्धा चमचा पाक टाक आणि बोटांच्या टोकांनी सतत फिरवत राहा. तो सुकला की पुढचा अर्धा चमचा. परात बोटांना कोमटच लागली पाहिजे. आच वाढली की साखर पिठूळ होते, पाक जास्त पडला की दाण्याला दाणा चिकटतो. एका बैठकीत हे संपत नाही. रोज दुपारी थोडा वेळ, असे काही दिवस. पौषातला कोरडा गारवा असेल तर तिसऱ्या-चौथ्या बैठकीला दाण्यावर बारीक बारीक टोकं उभी राहतात. मुलं फिरवायला मागतील. परात खाली उतरवून, विस्तवापासून लांब, शेवटचं सुकवताना त्यांना फिरवू दे.

दागिने करताना पूर्वी पुठ्ठ्यावर खळीने हलवा चिकटवत. नव्या सुनेचा पहिला संक्रांतीचा साज, काळ्या चंद्रकळेवर तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, सगळं असंच. तो साज जपून ठेवायचा असतो, खायचा नसतो, म्हणून तिथे पुठ्ठा चालतो. पण बोरन्हाणाचं बाळ गळ्यातला हार चाखल्याशिवाय राहणार नाही. त्याच्यासाठी माझी रीत वेगळी आहे. उन्हाळ्यात आंबापोळी घालशील तेव्हा एक ताट पातळ वाळव आणि डब्यात बटर पेपर घालून ठेव. संक्रांतीला तिच्या बोटभर रुंद पट्ट्या काप. मुकुटाची पट्टी, मनगटाची पट्टी, कमरेची पट्टी. त्यावर लिंबू-साखरेच्या चिकट्याने हलवा लाव, दुपारभर सुकू दे. पट्टी वाकते, तुटत नाही, आणि सगळीच्या सगळी खाता येते. हार मात्र दोऱ्याचा. हलव्याला सुई लावायची नाही, दाणा फुटतो. दोऱ्याचा फास दाण्याभोवती घेऊन गाठ मारायची, मग पुढचा दाणा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे छान जमतं. बाळाच्या गळ्यात हार घातलास की नजर हलवू नकोस. आरती, फोटो झाले की लगेच काढ, गळ्यात दोरा ठेवून बाळाला झोपवायचं नाही.

बोरन्हाणातही लक्ष ठेव. बाळाच्या डोक्यावरून ओतायचं ते मुख्यतः चुरमुरे. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, गोळ्या, बिस्किटं हे बाजूला मोठ्या मुलांनी लुटायला. चार-पाच वर्षांखालच्या मुलांच्या तोंडात अख्खा शेंगदाणा, फुटाणा, बोराची बी, टणक गोळी किंवा मोठा हलवा जाऊ देऊ नकोस, तो श्वासनळीत अडकतो. धाकट्यांच्या खाऊची वाटी तू आधीच वेगळी भर : मऊ आंबापोळीचे तुकडे, पेढा, दुधात विरघळणारं बिस्किट. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी. आणि घरात मधुमेहाचं माणूस असेल तर त्याच्यासमोर ताट फिरवत राहू नये. त्याला नागलीची बिनसाखरेची बिस्किटं वेगळी करून ठेव.

किल्ला मुंग्यांपासून राखायला पाट एका मोठ्या परातीत चार वाट्या पालथ्या घालून त्यावर ठेव आणि परातीत पाणी भर. वर जाळी. मातीचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात, हा इतका टिकायचा नाही. तीन दिवस पुष्कळ झाले. मोडायची वेळ आधीच ठरवून मुलांना सांगून ठेव, म्हणजे रडारड होत नाही. मोडायचा अधिकार ज्यांनी बांधला त्यांचाच. शेजारच्या वाडीतली मुलंही बोलाव, एकट्या घराला एवढा गूळ पचत नाही. खाऊन झाल्यावर सगळ्यांना चुळा भरायला लाव.

उरलेल्या नागलीच्या तुकड्यांचा मिक्सरमधून चुरा काढ, तो कोमट दूध आणि खोबऱ्याबरोबर वळून लाडू होतात. मऊ पडलेला हलवा टाकू नकोस, तो डब्यात भर आणि सकाळच्या दुधात साखरेच्या जागी घाल. आतला साबुदाणा तळाशी राहतो, तो चमच्याने खायला मुलं भांडतात, म्हणून पेले सारखे भर.